फौंडेशन

आमच्या घरात तीन भाषा नांदत होत्या. अम्मीशी दख्खनी, शाळेत मराठी आणि अब्बांच्या गॅरेजात एक तिसरीच. त्या भाषेत इंजिन 'उतरवतात', 'बांधतात' आणि 'बसवतात'. गाडी 'उचलते' किंवा 'दम सोडते'. आणि इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर चेसिसला धरून उभं राहतं, त्यांना 'फौंडेशन' म्हणतात. इंग्रजी पुस्तकात या ठोकळ्यांना दुसरंच नाव आहे हे मला बी.एड. झाल्यावर कळलं. तोवर माझ्या तोंडात फौंडेशन पक्कं बसलं होतं.

मी मराठीचा मास्तर झालो आणि गॅरेज धाकट्या भावाकडे गेलं. हात काळे केले नाहीत म्हणून गॅरेजशी माझा संबंध नव्हता असं मात्र नाही. अब्बा चौथी शिकलेले, तेही उर्दूत. त्यामुळे सातवी-आठवीपासूनच गॅरेजचं सगळं लिखाण माझ्याकडे आलं. गिऱ्हाइकांची बिलं, आर.टी.ओ.चे फॉर्म, पोस्टाच्या मनिऑर्डरी. मी नुसता लिहिणारा होतो. काय लिहितोय याचा अर्थ कळायला पुढं वीस-बावीस वर्षं जावी लागली.

कोल्हापुरातलं शिवाजी उद्यमनगर ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या आवाजाची कल्पना येईल. एका बाजूला फौंड्री, दुसऱ्या बाजूला लेथ, मध्येच क्रँक ग्राइंडिंग आणि बोअरिंगची दुकानं. तुमच्याकडं कुठल्याही इंजिनाचा तुटका भाग असो, चार दुकानं फिरलात तर कुणी ना कुणी तसाच दुसरा घडवून देई. अशा वस्तीत 1970 च्या सुमारास अब्बांनी पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि काही वर्षांतच त्यांचं एका कामासाठी नाव झालं. पेट्रोलच्या गाडीत डिझेलचं इंजिन बसवायचं असेल तर लोक त्यांच्याकडं येत.

त्या काळी डिझेल पेट्रोलच्या निम्म्या किमतीच्या आसपास मिळे. ज्याची जीप किंवा अँबॅसॅडर पोटासाठी पळत होती, त्याला पेट्रोल परवडतच नसे. मग मॅटाडोरचं जुनं डिझेल इंजिन कुठून तरी आणायचं आणि जीपचं पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी ते बसवायचं. ऐकायला सोपं वाटतं. खरं तर इंजिन उतरवणं हे अर्ध्या दिवसाचं काम. चेन पुलीला लटकवलं, चार नट काढले, की आलं वर. पुढचे पंधरा दिवस जात ते बाकीच्या गोष्टींत. नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांची तोंडं जुळत नसत. त्यासाठी मध्ये जाड पोलादी प्लेट कापून, लेथवर भोकं पाडून घ्यावी लागे. त्या प्लेटचा सेंटर केसभर जरी चुकला तरी क्लच आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट दोन-तीन महिन्यांत मार खात. डिझेल इंजिन जड, थरथरही जास्त, म्हणून फौंडेशन नव्यानं बनवायचं. प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करायचा आणि पुन्हा बॅलन्स करायचा. रेडिएटर पुढं सरकवायचा. डिझेलला कॉम्प्रेशन जास्त, ते फिरवायला स्टार्टर दांडगा, म्हणून बॅटरीही मोठी घ्यायची.

सगळं झालं की मी फॉर्म भरायचो. त्या काळी आर.टी.ओ.ची परवानगी घेऊन इंजिन बदलता येई. आर.सी. बुकावर नवा इंजिन नंबर आणि 'पेट्रोल' खोडून 'डिझेल' असं चढलं, की काम पुरं झालं. तो शिक्का पाहून अब्बांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते मला माझ्या दहावीच्या निकालानंतरही दिसलं नाही.

याच वयात मी दर महिन्याला आणखी एक कागद लिहायचो. मनिऑर्डरचा. 1984 पासून सुरू झालेली, गगनबावड्याकडच्या एका खेड्यातल्या पत्त्यावर जाणारी पन्नास रुपयांची मनिऑर्डर. नाव एका मुलाचं. खाली संदेशाच्या जागेत काय लिहू असं विचारलं तर अब्बा म्हणायचे, "कुछ नक्को लिखू." एखादी जुनी उधारी फेडत असतील असं मी धरून चाललो. मास्तरकीला लागल्यावर मी परगावी गेलो आणि ते काम भावाकडे, मग पोस्टातल्या कुणाकडे गेलं. मी विसरूनही गेलो.

धाकटा 1999 साली शारजाला गेला. तिथल्या इंडस्ट्रियल एरियात जुन्या गाड्यांचे भाग सोडवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये तो होता. जपानहून आलेली इंजिनं तिथं रचून ठेवलेली असत. त्याच्याबरोबर काम करणारा एक मिस्त्री कराचीचा होता. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, तुमच्याकडं मेहरान आहे का? भाऊ म्हणाला, नाही, आमच्याकडं मारुती आहे. दोघांनी आपापल्या गाडीचं वर्णन केलं आणि मग हसत सुटले, कारण गाडी एकच होती. सुझुकीची तीच तीन सिलिंडरची आठशे. आपल्याकडं ती 1983 च्या डिसेंबरात आली आणि 2014 च्या जानेवारीत बंद झाली. तिकडं ती मेहरान नावानं 2019 पर्यंत कराचीत बनत राहिली. त्या कराचीवाल्यानं भावाला सांगितलं, की तिकडची पोरं मेहरानचं इंजिन काढून जपानी साडेसहाशेचं टर्बो इंजिन घालतात. तेही त्याच खानदानातलं, तीनच सिलिंडरचं, आठशेहून लहान, पण ताकद जवळपास दुप्पट.

हे खोटं नाही. जपानमध्ये लहान गाड्यांवर कर कमी, पण इंजिन ठरावीक मापापेक्षा मोठं चालत नाही. मोठं करता येत नाही म्हटल्यावर त्यांनी आहे त्यातच हवा कोंबली. 1987 साली सुझुकीनं 'आल्टो वर्क्स' नावाची गाडी काढली. इंजिन अवघं 543 सी.सी., म्हणजे दोन मोटारसायकलींएवढं, आणि ताकद 64 हॉर्सपॉवर. आपल्या आठशेची चाळीसच्याही आत.

2007 साली भाऊ कायमचा परत आला. बॅग उघडली. अम्मीला शाल, माझ्या मुलींना चॉकलेटं, आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेली एक बीडाची वस्तू. गोगलगाईच्या दोन शंखांची पाठ एकमेकींना चिकटवावी तशी. अब्बांनी ती हातात घेतली, तोंडाशी बोट घालून आतलं चाक फिरवलं. चाक बराच वेळ बिनआवाज फिरत राहिलं.

"ये फिरता कायपर?" अब्बांनी विचारलं.

"धुएं पर," भाऊ म्हणाला.

मग त्यानं समजावून सांगितलं. सायलेन्सरवाटे जो गरम धूर वाया जातो, तो एका शंखातून सोडायचा. त्या जोरावर आतलं चाक फिरतं, मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. त्याच दांडीवर दुसऱ्या शंखातलं चाक. ते बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबतं. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त जाळता येतं, म्हणून त्याच इंजिनातून जास्त जोर निघतो. अब्बांनी आयुष्यात ट्रकचे टर्बो पाहिले होते, पण मुठीत मावेल एवढा पाहिला नव्हता. फुकट जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायची ही कल्पना त्यांना मनापासून आवडली. रात्री जेवतानाही ती वस्तू त्यांच्या शेजारी होती. अम्मी म्हणाली, "उसकू भी एक रोटी देऊं क्या?"

आता माझ्या चुकीकडं येतो. टर्बो होता, पण गाडी? भावाकडं नव्हती. माझ्याकडं होती. 1994 सालची पांढरी मारुती 800, मी 2003 मध्ये एका सहकारी शिक्षकाकडून घेतलेली. भावानं ती मागितली आणि मी दिली. आठ वर्षं परदेशात राबून आलेल्या भावाला पहिलीच गोष्ट नाकारायची कशी, असं मी मनाला सांगितलं. हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं म्हणजे चाळिशीला टेकलेल्या मास्तरालाही पंचगंगेच्या पुलावर एकदा पुढच्या गाडीला मागं टाकावंसं वाटत होतं.

पहिला प्रयोग होता आठशेच्याच इंजिनाला टर्बो लावायचा. दोन-तीन आठवडे तो खपला. गाडी कार्ब्युरेटरची. हवा दाबून कार्ब्युरेटरात घातली की ती पेट्रोललाच मागं ढकलते, म्हणून त्यानं विजेवर चालणारा पंप बसवला. टर्बोच्या बेअरिंगला तेल लागतं, म्हणून इंजिनातून तेलाची बारीक नळी काढली आणि तेल परत चेंबरमध्ये पडायला जाड नळी जोडली. गाडी पळवून आलो की लगेच बंद करायची नाही, मिनिटभर तशीच चालू ठेवायची, नाहीतर तापलेल्या टर्बोत तेल जळून त्याचा कोळसा होतो, अशी मला ताकीद मिळाली. मी शाळेच्या आवारात गाडीत नुसताच बसून राहायचो आणि मुलं खिडकीशी येऊन विचारायची, "सर, उतरत का नाही?"

गाडी उचलायची, यात शंका नाही. पण चढावर जोर दिला की आतून कुणी लहान हातोडीनं मारतंय असा आवाज यायचा. अब्बा एकदाच बाजूला बसले आणि म्हणाले, "नॉकिंग है. उतार." ठिणगीची ज्योत पोचायची वाट न पाहता काही पेट्रोल दाबानंच पेटतंय, असा त्याचा अर्थ. ज्या कंपन्या टर्बो लावूनच इंजिन काढतात, त्या मुळातच कॉम्प्रेशन कमी ठेवतात, पिस्टन भक्कम देतात, ठिणगी केव्हा पडायची आणि पेट्रोल किती सुटायचं ते संगणकावर ठरवतात. इथं तेरा वर्षांच्या इंजिनावर नुसता दाब चढवलेला. भावानं ठिणगी उशिरा पडेल असं करून पाहिलं, बूस्ट कमी केला. चौथ्या आठवड्यात ज्योतिबाच्या चढावर हेड गॅस्केट गेलं. उघडून पाहिलं तर मधल्या पिस्टनची रिंगेची कडही तुटलेली.

मला वाटलं संपलं. भावाला वाटलं सुरुवात झाली. तो रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेला आणि कुर्ल्याच्या भंगारातून अपघातात मागून चेपलेल्या झेनचं इंजिन घेऊन आला. गिअरबॉक्ससकट. 993 सी.सी., चार सिलिंडर, पन्नास हॉर्सपॉवर, ब्लॉक अॅल्युमिनियमचा. हे आधी आठशेत बसवायचं आणि ते बसलं की त्यावर टर्बो, असा बेत.

त्या दिवशी मी प्रथमच तोंड उघडलं. कागद माझा विषय. म्हटलं, आता जमाना बदललाय. 2000 साली मोटार वाहन कायद्यातलं कलम 52 बदललं. कंपनीनं मुळात जे नोंदवून दिलं त्यापेक्षा वेगळं काही गाडीत करता येत नाही. त्याच मॉडेलचं दुसरं इंजिन चालेल, गॅसचं किट चालेल, पण आठशेत झेनचं इंजिन आर.सी.वर चढणार नाही. आणि आर.सी. माझ्या नावावर आहे.

भाऊ अब्बांकडं वळला. "अब्बा, तुमे भी तो जिंदगीभर येच किये ना?"

प्रश्न बिनतोड होता. ज्या हातांनी शंभरएक गाड्यांची इंजिनं बदलली, त्या हातांनी घर चाललं, मी शिकलो, तो शारजाला गेला. आणि आता तेच हात 'नको' म्हणत होते. माझ्याही मनात तोच प्रश्न होता, मी फक्त कायद्याआड लपून बोलत होतो. अब्बांनी काही उत्तर दिलं नाही. ते उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळापाशीच उभे राहिले.

दोन दिवसांनी इशाच्या नमाजनंतर त्यांनी आम्हा दोघांना शेडमध्ये बोलावलं. बल्ब लावला, स्टुलावर बसले आणि सांगितलं.

वडाप हा शब्द आमच्या भागाबाहेर कदाचित कळणार नाही. एस.टी. जिथं दिवसातून दोनदा जाते तिथं खाजगी जीपवाले माणसं कोंबून नेतात, ते वडाप. 1983 साली असाच एक वडापवाला आपली पेट्रोलची जुनी जीप घेऊन आला. अब्बांनी तिला मॅटाडोरचं इंजिन बसवलं. काम चोख झालं. सेंटर जमला, फौंडेशन पक्कं झालं. पण पुढचा भार वाढला होता. अब्बांनी मालकाला सांगितलं, पुढच्या पाट्या बदलायला हव्यात आणि ब्रेकचं पूर्ण काम करायला हवं. मास्टर सिलिंडर, चारी चाकांचे सिलिंडर, लायनर. त्या जीपला चारी चाकांना ड्रम ब्रेक, तेही पायाच्याच जोरावर चालणारे. मालक म्हणाला, मिस्त्री, इंजिनातच पैसे संपले, हंगाम झाला की करू. अब्बांनी किल्ली दिली.

"गाडी मेरे शेड में थी. चाबी मेरे हात में थी," अब्बा म्हणाले. "मैं दिया."

पूर्वी ती जीप घाटात आठ-दहा माणसांना धापा टाकायची. नव्या इंजिनावर पंधरा माणसं घेऊन चढू लागली. चढू लागली म्हणून पंधरा बसू लागली. आणि करूळचा घाट उतरताना ड्रायव्हर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकायचा. तशी त्या काळी सगळ्यांनाच सवय. गिअर काढला की इंजिन गाडीला मागं धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. लायनर तापतात, तापले की धरत नाहीत, पाय खालपर्यंत जातो. 1984 च्या पावसाळ्याआधी तेच झालं. ड्रायव्हर हुशार होता, त्यानं दरीकडं न जाता गाडी डोंगराला घासली. कुणी मेलं नाही. मागच्या फळीवर उभा असलेला क्लीनर, तेरा-चौदा वर्षांचा पोरगा, दगड आणि जीप यांच्यामध्ये सापडला. गुडघ्याखालून पाय गेला.

पंचनाम्यात 'ब्रेक निकामी झाल्याने' असं लिहिलं गेलं. इंजिनाचं नाव कुठंच आलं नाही. इंजिन तर आर.सी.वर रीतसर चढलेलं होतं. फॉर्म मीच भरला होता. अब्बांना कुणी दोष दिला नाही, कुणी विचारायलाही आलं नाही.

मला एकदम ते मनिऑर्डरवरचं नाव आठवलं. मी त्याच वयाचा होतो तेव्हा. तेरा वर्षांचा एक मुलगा दर महिन्याला दुसऱ्या तेरा वर्षांच्या मुलाचं नाव सुवाच्य अक्षरात लिहीत होता आणि संदेशाची जागा कोरी सोडत होता.

भावानं विचारलं, "कब तक भेजे?"

"अब भी जाता," अब्बा म्हणाले. "पाँच सौ किया हूं."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अब्बाच म्हणाले, की तुला बसवायचंच असेल तर बसव, मी अडवणार नाही. तू चाळिशीला आलास तर कळेल म्हणून थांबून काही होत नसतं. पण आधी ब्रेक. इंजिनाला हात लावायच्या आधी झेनची पुढची डिस्क, कॅलिपर, मागचे ड्रम, मास्टर सिलिंडर, तेरा इंची चाकं, सगळं गाडीला लागलं पाहिजे. आठशेची बारा इंची चाकं आणि तिची इवलीशी डिस्क चाळीस हॉर्सपॉवरसाठी केलेली आहे. आणि टर्बोचं नाव काढायचं नाही.

मी माझा कायद्याचा मुद्दा पुन्हा काढायला हवा होता. काढला नाही. आजही मला त्याचं नीट कारण देता येत नाही. अब्बा चोवीस वर्षांनी एक गोष्ट बोलले होते आणि भाऊ चोवीस वर्षांनी ती ऐकत होता. त्यांच्यामध्ये कलम 52 घेऊन उभं राहणं मला जमलं नाही.

त्या कामाचे ते सहा आठवडे मात्र मी विसरणार नाही. शनिवार-रविवार मीही शेडमध्ये असे. भावाची घाई आणि अब्बांचा संथपणा. फौंडेशनचे ब्रॅकेट भावानं वेल्डिंग करून आणले, अब्बांनी ते हातोडीनं ठोकून पाहिले आणि दोन परत करायला लावले. झेनचं फौंडेशन मारुतीच्या चेसिसवर सरळ बसत नाही. एक्सलचा कोन थोडा जरी तिरका राहिला तर वळणावर जॉइंट कटकट करतात. गिअरचा दांडा, क्लचची केबल, रेडिएटर, पंखा, प्रत्येक ठिकाणी दोन गाड्यांचा वाद मिटवायचा होता. माझं काम म्हणजे टॉर्च धरणं. आठशेचं मूळ इंजिन अब्बांनी टाकू दिलं नाही. संध्याकाळी सगळे गेले की ते एकटे त्यावर बसायचे. नवा पिस्टन, नव्या रिंगा, हेडला फेसिंग. मग ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून त्यांनी ते कोपऱ्यात ठेवलं. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, गाडी त्याची आहे.

तयार झाल्यावर पहिली फेरी पन्हाळ्याला. जाताना भाऊ चालवत होता, अब्बा शेजारी, मी मागं. चढाला गाडी अशी गेली की मला काही बोलता येईना. वर पोचल्यावर भाऊ कौतुकाची वाट पाहत होता. अब्बा म्हणाले, "अब नीचे चल." उतरताना त्यांनी काच खाली केली, डोळे मिटले आणि दर वळणाआधी फक्त एकच शब्द उच्चारला, "दाब." भाऊ दाबायचा. गाडी धरायची. अब्बा मान हलवायचे. वाघबिळापर्यंत असं तीस-चाळीस वेळा झालं असेल. खाली आल्यावर ते उतरले, चारी चाकांजवळ वाकून रिमला हात लावून पाहिला, कुठलं जास्त तापलंय ते. मग चहा सांगितला.

दीड वर्ष मी ती गाडी चालवली. मजा आली हे कबूल करतो. पण नाक्यावर पोलीस दिसला की पोटात गोळा यायचा, आणि वर्गात नागरिकशास्त्राचा तास बदलीवर आला की जास्तच. विम्याचा हप्ता भरताना कागदावर 796 सी.सी. लिहायचो. काही झालं असतं तर विमा कंपनीनं एक रुपया दिला नसता आणि ते बरोबरच ठरलं असतं. आता तर ही पळवाट मनातही आणता येणार नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ नोंदीपलीकडचा बदल चालणार नाही असा निर्वाळा दिला, आणि त्याच वर्षी कायद्यात प्रत्येक बदलामागं पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद आली. आमच्या अब्बांचा अर्धा धंदा आज गुन्ह्यात बसतो. तसा कायदा 1983 साली असता तर आमचं घर कसं चाललं असतं ते मला माहीत नाही, पण गगनबावड्याकडचा एक पोरगा कदाचित दोन पायांवर चालला असता. या दोन गोष्टींचा हिशेब मला अजून मांडता आलेला नाही. गंमत म्हणजे आता तीन सिलिंडरची, एक लिटरची, टर्बो लावलेली शंभर हॉर्सपॉवरची गाडी शोरूममधूनच मिळते. पुतण्यानं मागच्या वर्षी तशीच घेतली. बोनेट उघडून त्यानं मला टर्बो दाखवला. प्लॅस्टिकच्या झाकणाखाली दिसतही नव्हता.

2009 साली मारुतीला पंधरा वर्षं झाली. नोंदणी पुढं चालवायची तर इन्स्पेक्टर चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासणार, इंजिन नंबर जुळवून पाहणार. भावानं न सांगता झेनचं इंजिन उतरवलं. अब्बांनी कोपऱ्यातलं गोणपाट सोडलं. जुनं इंजिन बसवायला पाऊण दिवससुद्धा लागला नाही. प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात गेला, कुठं ठोकावं लागलं नाही, काही कापावं लागलं नाही. ब्रेक आणि चाकंही भावानं पहिली होती तशी केली, नव्या लायनरसकट. चावी फिरवताच ते तीन सिलिंडरचं अडखळतं फडफड चालणं ऐकू आलं आणि अम्मी घरातून म्हणाली, "आयी क्या अपनी गाडी?"

झेनचं इंजिन काही महिने तसंच पडून होतं. मग सांगलीचा एकजण आला, त्याच्या झेनचं इंजिन पाणी संपून तापलं होतं, ब्लॉकच गेला होता. भावानं ते त्याच्या गाडीत बसवून दिलं. बिल त्यानं केलं आणि फॉर्म मी भरला. तेच मॉडेल, तेच इंजिन, फक्त नंबर वेगळा. रीतसर चढलं. गिऱ्हाईक किल्ली घ्यायला हात पुढं करून उभा राहिला तेव्हा भाऊ म्हणाला, "थांबा जरा." तो झेनमध्ये बसला, शेडपासून फौंड्रीच्या कोपऱ्यापर्यंत गेला, तिथं करकचून ब्रेक दाबला, परत आला, पुन्हा तिथंच दाबला. मागचं एक चाक ओढत होतं. त्यानं चाक खोललं. सांगलीकर म्हणाला, अहो मिस्त्री, मी इंजिनाचं काम सांगितलं होतं, याचे पैसे मी देणार नाही. भाऊ म्हणाला, "नका देऊ."

अब्बा स्टुलावर बसले होते. त्यांनी मला हाक मारली आणि सदऱ्याच्या खिशातून पाचशेची नोट काढून दिली. तारीख पाच होती. पोस्ट बंद व्हायला अजून अर्धा तास होता.